वितळतार

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात फ्यूजला 'वितळतार' असा एक फार सुरेख शब्द आहे. मराठी शिकवणे हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे असले शब्द मी जपून ठेवतो. वापरायची संधी मात्र येत नाही. भर पंगतीत दिवे गेले असता 'अहो, जरा वितळतार पाहता का?' असे पुकारणारी गृहिणी मला अद्याप भेटायची आहे. सगळे फ्यूजच म्हणतात. त्यातही कोणी 'फ्यूज उडाला' म्हणतो, कोणी 'फ्यूज गेली' म्हणतो, आणि लिंगाचा हा वाद अंधारात मिटवायला कोणालाच सवड नसते. गंमत अशी, की सुरुंगाची वात तीही इंग्रजांची फ्यूजच. परंतु ती लॅटिनमधल्या 'चाती' या अर्थाच्या शब्दावरून आली आणि विजेची फ्यूज आली ती 'वितळणे' या क्रियेवरून. एकीचे काम आग नेऊन पोचवण्याचे, दुसरीचे आग अडवण्याचे. नावे सारखी असली म्हणून कुळे एक नसतात!

विजेच्या फ्यूजशी माझी ओळख वाईच्या आमच्या जुन्या घरातली. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. दिंडीदरवाजाला आतून लाकडी अडसर, आणि ओटीवर मीटरच्या फळीला चिनीमातीचे दोन पांढरे फ्यूज. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी ते जायचेच. मग अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टुलावर चढत. आत्या कंदील धरून खाली उभी राही. आणि मी तारेचे रीळ घेऊन, जणू सत्यनारायणाच्या पूजेचे साहित्य पुरवतो आहे अशा गांभीर्याने. अण्णा केसासारखी बारीक तार त्या पांढऱ्या ठोकळ्यात ओवत आणि स्क्रू आवळीत. शेजारचे एक गृहस्थ नेमाने सल्ला देत, "अहो, जाड तार घाला की एकदाची. कटकट मिटेल." त्या काळी कित्येक घरांतून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळूनही लोक काम भागवीत. अण्णा खाली न बघता म्हणत, "तार वितळली नाही, तर मग घर वितळेल."

आता त्या ठोकळ्यांची जागा खटकन खाली पडणाऱ्या बटणांनी घेतली आहे. बटण वर केले की झाले. आमच्या चिरंजीवांनी जन्मात फ्यूजची तार पाहिलेली नाही. पण खरी गोष्ट अशी, की घरातून हाकललेली ही वितळतार आपल्याच दाराशी, गाडीच्या पोटात, वीस-तीसच्या जमावाने राहते. चालकाच्या गुडघ्याजवळ एक पेटी असते आणि बॅटरीच्या शेजारी दुसरी. दिवे, भोंगा, काच पुसणारे हात, काचा वरखाली करणाऱ्या मोटरी, दारांची कुलुपे, प्रत्येकाची राखण करणारा एकेक फ्यूज. पूर्वी अँबॅसडर-पद्मिनीच्या काळात यांतले थोडे होते. हल्ली गाडीत तारांचे एवढे जाळे असते, की तिला वाहन म्हणावे की विजेचे उपकेंद्र, असा प्रश्न पडतो.

आमची गाडी दहा वर्षांची, आणि आमच्याकडे आली ती दुसऱ्या हातातून. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही; तिची काही चूक नव्हती. किल्लीवरचे बटण दाबले की चारही दारांतून एकदम 'टक' असा आवाज येऊन कुलुपे बसतात, तसली ती आहे. ही चैन तशी जुनी. अमेरिकेत १९१४ साली स्क्रिप्स-बूथ नावाच्या श्रीमंती गाडीत विजेची कुलुपे निघाली होती. पण ती रुळली नाहीत. पुढे १९५६ मध्ये पॅकार्ड गाड्यांनी ती पुन्हा आणली, आणि मग लोकांना त्यांची चटक लागली. आत यंत्र म्हणाल तर अगदी साधे. प्रत्येक दारात मुठीएवढी मोटर असते. तिला वीज एका दिशेने दिली की ती दांडी ओढून कुलूप लावते, उलट दिशेने दिली की ढकलून उघडते. काम क्षणभराचे. अण्णांचा अडसर सरकवायला दोन हात लागत. इथे अंगठ्याचे टोक पुरते.

परंतु अडसराचा एक गुण या कुलुपात दिसत नाही. अडसर लावलेला आहे की काढलेला, हे आंधळ्यालाही हाताने कळे. विजेच्या कुलपाचा सारा कारभार दाराच्या पत्र्याआड.

एप्रिलमधली गोष्ट. आमच्या नात्यात लग्न होते. मी आणि सौ. कार्यालयात आधी पोचलो होतो; माझा पुतण्या आत्याला गाडीतून घेऊन आला. आत्याचे वय ७६. तिला मागच्या आसनावर बसवलेले. कार्यालयासमोर पुतण्याने इंजिन बंद केले, तो उतरला, आणि आत्याचे दार बाहेरून उघडू लागला, तर ते उघडेना. किल्लीचे बटण दाबले. 'टक' नाही. पुन्हा दाबले. नाही. आतून आत्या कडी ओढते आहे, तीही नुसतीच हलते आहे. काचा बंद. ऊन दुपारी साडेबाराचे.

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काय होते, हे एकदा नीट सांगितले पाहिजे. आतली उष्णता अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी चढू शकते, आणि तिची मोठी झेप पहिल्या काही मिनिटांतच असते. काच उन्हाला आत घेते, आतली ऊब मात्र सहज बाहेर सोडत नाही. लहान मूल आणि म्हातारे माणूस यांना हे झपाट्याने बाधते.

गाडीभोवती माणसे जमली. जरीच्या टोप्या, शेले, मोगऱ्याचे गजरे. प्रत्येकाला एकेक उपाय सुचत होता आणि प्रत्येक जण तो दुसऱ्याला करायला सांगत होता. एकाने काच फोडायला दगडसुद्धा उचलला. आत आत्या दोन्ही तळहात काचेला लावून बसलेली. ती ओरडत नव्हती. तिचे ओठ हलत होते, ते रामरक्षेचे, की आम्हाला काही सांगण्याचे, हे बाहेरून कळेना. सात-आठ मिनिटे गेली असतील. तेवढ्यात पंगतीत वाढणाऱ्या मुलांपैकी एक पोरगा, हातातली पाण्याची जग खाली ठेवून, उघड्याच असलेल्या पुढच्या दारातून आत शिरला, दोन आसनांच्या मधून मागे सरपटला आणि आत्याच्या दाराची खिट्टी बोटाने वर उचलून ओरडला, "आता उघडा भायरून!" दार उघडले. आत्या घामाने निथळत होती. पोरगा जग उचलून पंगतीत गेला. त्याला बक्षीस द्यायचे म्हणून नंतर शोधले, तेव्हा तो म्हणाला, "आमच्या मालकाची गाडी पण अशीच करती."

त्या पोराला जे ठाऊक होते, ते जमलेल्या पन्नास सुशिक्षितांपैकी एकालाही त्या क्षणी आठवले नाही. विजेचे कुलूप मेले, तरी त्याच्या खालचे हाताचे कुलूप जिवंत असते. पुढच्या दाराला किल्ली चालते आणि प्रत्येक दाराला आतून खिट्टी असते. आत्याच्या दारात आणखी एक गुंता होता. मागच्या दारांच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसेल अशी, एक बारीक कळ असते. ती मुलांसाठी. ती फिरवली की आतली कडी नुसती हलते, दार काही उघडत नाही. गाडीच्या आधीच्या मालकाच्या घरी लहान मूल असावे. ती कळ तेव्हापासून तशीच होती. म्हणजे वीज गेलेली, आतली कडी मुलांपासून राखलेली, आणि आत ७६ वर्षांची आत्या.

त्यानंतर आत्या गाडीत बसेना. जबरदस्ती तरी कशी करायची? "तुमची गाडी चांगली आहे रे, पण मला कोंडल्यासारखं होतं," एवढेच म्हणे. आता ही साधी हौसेची गोष्ट असती तर आम्ही सोडून दिली असती. पण वाईला तिची धाकटी बहीण असते, माई. वय ७२, गुडघे गेलेले. वाईबाहेर पडणे तिला शक्य नाही. दर महिन्याला आत्याला आम्ही वाईला नेऊन दोन दिवस ठेवत असू. ते बंद झाले. एकदा एस.टी.ने न्यायचा प्रयत्न केला. गर्दीमुळे खंबाटकीपर्यंत तिला धड टेकताही आले नाही, आणि परत आल्यावर तिने चार दिवस अंथरूण धरले. मे गेला, जून गेला. फोनवर माई म्हणाली, "आता भेट होते की नाही, कोण जाणे." आत्याने फोन ठेवला आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

दुरुस्तीच्या एका कारखान्यात गाडी दाखवली होती. त्यांनी पाच मिनिटांत निदान केले, की चारही दारांच्या मोटरी बदलाव्या लागतील. आकडा ऐकून मी आधी खुर्ची शोधली. चार मोटरी एकाच दुपारी, एकाच क्षणी मेल्या, हे माझ्या भाबड्या मनालाही पटेना. चौघे भाऊ एकाच वेळी पडले तर आपण चौघांच्या पत्रिका पाहत नाही. घरात काय शिजले होते, ते पाहतो.

आमच्या खालच्या मजल्यावर अप्पा राहतात. जुन्या वीज मंडळात वायरमन म्हणून त्यांची नोकरी झाली. त्यांना मी सहज बोललो, तर श्रावणातल्या एका रविवारी सकाळी ते खाकी पिशवी घेऊन हजर. सोबत चिरंजीव, आणि बाल्कनीतून वाकून पाहणारी आत्या.

अप्पांची पद्धत वैद्याची. हात लावण्याआधी कान लावायचा. "बटण दाबा आणि कुठल्या दारातून आवाज येतो ते ऐका. एकच दार मुकं असेल तर रोग त्या दारात. चारही मुकी असली तर रोग चौघांच्या मुळाशी." किल्लीतला रुपयाएवढा सेल आम्ही आधीच बदलला होता. तरी त्यांनी गाडीच्या आतले बटण दाबून पाहिले. तेही मुके, म्हणजे किल्ली निर्दोष सुटली. मग गुडघ्याजवळच्या पेटीचे झाकण काढले. झाकणाच्या आतल्या अंगाला नकाशा असतो, कोणता फ्यूज कशाचा आणि किती अँपिअरचा. अक्षर एवढे बारीक, की आत्याचे पोथी वाचायचे भिंग मागवावे लागले. ते तिने दोरीला बांधून बाल्कनीतून खाली सोडले. तेवढ्यापुरती का होईना, ती कामात आली.

हे फ्यूज दिसायला मोठे गोजिरवाणे असतात. रंगीत काचेसारख्या चिमुकल्या डब्या, खाली दोन चपटे पाय. रंगांचीही भाषा ठरलेली आहे. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. चिरंजीवांना ती भाषा पाच मिनिटांत पाठ झाली. (माझ्या अलंकारांच्या व्याख्या त्यांना पाच वर्षांत झालेल्या नाहीत.) पेटीतच प्लॅस्टिकचा एक छोटा चिमटा असतो. किल्ली बंद करून, त्याने फ्यूज सरळ वर ओढायचा आणि उजेडाकडे धरायचा. आतली तार अखंड असली तर ठीक. तुटून काच काळवंडली असली तर गेला. ओढायचीही गरज नाही खरे तर. डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. किल्ली चालू ठेवून, एक तार गाडीच्या उघड्या पत्र्याला लावलेला बारा व्होल्टचा दिवा त्या ठिपक्यांना टेकवायचा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज शाबूत, एकीकडेच पेटला तर गेला, आणि दोन्हीकडे पेटला नाही तर त्याच्यापर्यंत वीजच आलेली नाही.

अप्पांनी कुलुपांचा फ्यूज ओढला, पाहिला, आणि ते काही बोललेच नाहीत. नुसता माझ्या हातावर ठेवला. झाकणावर लिहिले होते २०. हातावर होता हिरवा, तीसचा. तोही जळलेला.

"हे कोणी घातलं?" मी विचारले.

"ज्याला कटकट नको होती, त्यानं," अप्पा म्हणाले.

मला वाईची ओटी आठवली. इथे मात्र त्या शेजाऱ्याचे ऐकणारा कोणी तरी निघाला होता. आमच्या हाती येण्याआधी केव्हातरी वीसचे फ्यूज वारंवार जात असले पाहिजेत. जाणारा फ्यूज ओरडून सांगत होता, की पुढे कुठे तरी तार दुखते आहे. ते दुखणे न शोधता कोणी तरी सांगणाऱ्याचे तोंडच बांधले. बारा व्होल्टला तीस अँपिअर म्हणजे ३६० वॅट, साठाचे सहा जुने बल्ब. एवढी शक्ती, वीस अँपिअरसाठी आखलेल्या तारेतून, दाराच्या कापडाआड आणि आसनाच्या फोमशेजारून! बारा व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण आग लागायला झटक्याची गरज नसते.

अप्पांनी पिवळा, वीसचा फ्यूज बसवला. बटण दाबले. चारही दारे 'टक' म्हणाली! चिरंजीवांनी टाळी वाजवली. मोटरी चारही ठणठणीत होत्या. अप्पांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले. चालकाचे दार हळूहळू पूर्ण उघडले, पुन्हा लावले, आणि पुन्हा उघडून बटण दाबले. टक नाही. नवा पिवळा फ्यूजही गेला होता.

"सापडला," अप्पा म्हणाले. फ्यूज गेल्याचा आनंद झालेला मनुष्य मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

दार आणि गाडी यांच्या मध्ये, बिजागरीपाशी, रबराचा एक छोटा भाता असतो, पेटीच्या भात्यासारखा चुण्याचुण्यांचा. दारातल्या साऱ्या तारा त्याच्यातून जातात. दार उघडले की त्या ताणतात, लावले की दुमडतात. चालकाचे दार दिवसातून आठ वेळा उघडले असे धरले, तरी दहा वर्षांत २९,००० वेळांहून अधिक झाले. तांब्याचे तंतू ते, लोखंडाचे तर नव्हेत. भाता मागे सारल्यावर दिसले, की एका तारेचे आवरण तडकून तपकिरी झाले आहे आणि हिरवट पडलेले तंतू पत्र्याच्या कडेला टेकत आहेत. दार एका विशिष्ट कोनात आले की वीज मोटरीकडे जायच्या ऐवजी तिथेच पत्र्यात उतरत होती. कार्यालयासमोर पुतण्याने उतरताना दार सताड उघडले होते.

पुढचे काम पंचवीस मिनिटांचे. १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा ऋण टोकाचा नट सैल करून तार बाजूला केली. त्याआधी कशालाही हात नाही. पिवळ्या वेष्टनातल्या तारांना बोट लावायचे नाही, त्या अपघातात फुगणाऱ्या पिशव्यांच्या असतात, अशी चिरंजीवांना तंबी. मग दुखरा तुकडा कापून तेवढ्याच जाडीची नवी तार डाख देऊन जोडली, आणि तापवली की आवळून बसणारी नळी तिच्यावर चढवली. बॅटरी पुन्हा जोडली, नवा पिवळा फ्यूज बसवला. अप्पांनी दार पंचवीस वेळा उघडले आणि लावले. मी मोजत होतो. पंचवीसही वेळा कुलुपे बोलली. मागच्या दारांच्या मुलांसाठीच्या कळा त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने फिरवून टाकल्या. पैसे काही घेईनात, सौ.ने केलेले नारळीभाताचे ताट मात्र नाही म्हणाले नाहीत.

गाडी नीट झाली. आत्या नीट व्हायची होती. चारही कुलुपे वाजवून दाखवली तर म्हणाली, "तेव्हाही वाजतच होती की." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते अप्पांकडे होते. त्यांनी फ्यूजच पुन्हा काढून खिशात टाकला आणि म्हणाले, "आत्या, आता वीज नाही. बसा आत. मी पुढे बसतो." ती बराच वेळ दाराशी उभी राहिली. मग बसली. दार लागले. काचेतून मला तिचा हात दिसत होता. तो खिट्टीवर गेला, अडखळला, खिट्टी वर झाली, मग कडी ओढली, आणि दार उघडले. ती उतरली नाही. तिने ते आतून पुन्हा ओढून लावून घेतले.

"अरे, हा तर आपला अडसरच," ती म्हणाली.

भाद्रपदात गणपती विसर्जन झाल्यावर आम्ही वाईला गेलो. पाच महिन्यांनी बहिणी भेटल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहून आधी 'किती वाळलीस' म्हटले आणि मग रडून घेतले. मी चहा घेऊन पडवीत पेपर वाचत बसलो होतो. थोड्या वेळाने आळीत पोरांचा गलका ऐकू आला, म्हणून बाहेर डोकावलो. गाडीच्या मागच्या आसनावर आत्या आणि माई, दारे लावून, शेजारी शेजारी बसल्या होत्या. आळीतली सहा-सात पोरे काचेला नाक लावून पाहत होती. आत आत्या माईचा हात धरून खिट्टीवर ठेवत होती. "अगं, वर! वर उचल. जोर नको लावूस." टक. दार उघडले. माई हसली, आणि म्हणाली, "थांब, परत."